टायरचे केस

जिंतूरच्या दुकानात लेकीच्या स्कूटीला टायर बसवत होते. नव्या रबराचा वास आला आणि मी दारातच थबकले. लेक टायरवर वाकून म्हणाली, "आई, हे चार आकडे बघायचे. पहिले दोन बनल्याचा आठवडा, नंतरचे दोन साल. पडून राहिलेला टायर उन्हात फुटतो."

हाच वास आमच्या अंगणात होता. लेक पाळण्यात होती. ह्यांनी मोटारसायकलला पुढचा टायर नवा टाकला होता आणि मी त्याला हळदीकुंकू लावत होते. बोटाला उठलेले आकडे लागले.

"हे काय लिवलंय हो?"

"कंपनीचं कायतरी असंल. केस बघ की त्याचे! नवाकोरा हाय."

टायरवरचे रबराचे बारीक केस त्यांनी कौतुकानं कुरवाळले. आमच्याकडं सगळे तेवढंच बघून टायर घ्यायचे.

ते आकडे मला अजून पाठ आहेत. आज त्यांचा अर्थ लागला. त्या साली मी शाळेत जात होते.

टायर टाकला त्याच आठवड्यात देवगाव फाट्याजवळ भर उन्हात टायर फुटला आणि हे गेले. गाडी घरी आणली तेव्हा फाटलेल्या रबरावर केस तसेच होते. कुंकूही तसंच होतं. पुसलं ते माझं.