मनगटापासून तीन बोटे

१२ ऑगस्ट, सकाळी सव्वादहा. ॲक्युपंक्चर करणाऱ्या बाईंनी आईचा रक्ताचा अहवाल वाचला आणि सुयांची डबी मिटली. प्लेटलेट कमी होत्या; सुई टोचली तर रक्त लवकर थांबले नसते.

"आज सुई न्हाय, आक्का."

"बरं झालं, चाळणच झालीय माझी."

"अंगठा हाय की! पण डॉक्टरांची उलटीवरची गोळी चुकवू नका. माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाय."

तिसऱ्या केमोनंतर दिवसाला अकरा उलट्या झाल्या, तेव्हा आईने चौथी नाकारली होती. उलट्यांवर उपाय म्हणून मी तिला सोलापुरातल्या या बाईंकडे साशंकतेनेच आणत असे. त्या दिवशी मनगटापासून तीन बोटे मोजून, मळमळ शमवणाऱ्या बिंदूवर त्यांनी अर्धा तास अंगठा दाबून धरला. स्वतःच्या विद्येची मर्यादा इतक्या सहजपणे सांगणारे माझ्या प्रयोगशाळेतही थोडेच आहेत.

पुढे आई आपणहून चौथ्या केमोला गेली. दुसऱ्या दिवशीच्या उलट्या मी कृतज्ञतेने नोंदवल्या: दोन.