दस्तगीरभाईंनी निवडलेले पाटे

गाडी दुरुस्तीला आली की दस्तगीरभाई मालकाला काय मोडलं ते विचारत नसत. ते आधी विचारत, "मागं कोण बसतंय?"

मलाही त्यांनी हेच विचारलं. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. भवानी पेठेत माझा दवाखाना होता, आणि दर गुरुवारी मी अक्कलकोट रस्त्यावरच्या खेड्यांत गरोदर बायकांना तपासायला जायची. वडिलांची जुनी विलायती मोटार मी स्वतः चालवायची. तिच्याकडे आणि माझ्याकडे लोक सारख्याच कुतूहलाने बघत. एका गुरुवारी परतताना खड्ड्यात मागचा डावा पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटला आणि मोटार एका अंगावर कलली. नवी पेठेतल्या एका दुकानदाराने सांगितलं, या गाडीचे पाटे आता मिळायचे नाहीत, जीपचे घाला, जन्मात तुटणार नाहीत. मी ते घेऊन दस्तगीरभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. सोलापुरात पाट्यांचं काम त्यांच्याइतकं कोणाला येत नाही, असं सगळे म्हणत.

पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत माणूस. दाढी मेंदीने रंगवलेली, बोटं ग्रीसने.

"मागं पेशंट बसतात," मी म्हणाले. "अडलेल्या बायका. खेड्यातून आणाव्या लागतात."

त्यांनी माझे नवेकोरे पाटे पायानेच बाजूला सारले. "मग हे न्हाई चालायचं, डॉक्टरीणबाई. ह्यो ओझ्याचा पाटा हाय. पाठीवर चार पोती असली तरच वाकतोय. एकली बाई बसली तर वाकायचा न्हाई, समदा दणका तिच्या कंबरंत जाईल. पोतं बोलत न्हाई, माणूस बोलतंय."

मला घाई होती. पुढच्या गुरुवारच्या आत गाडी हवी होती. मी म्हटलं, उजवा शाबूत आहे, निदान डावाच कुठून तरी बसवून द्या. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुमी पेशंटाला एकाच डोळ्याचा चष्मा देता का? डावा नवा, उजवा थकलेला, मग गाडी वाकडी चालती. जोडी पायजे."

जोडी शोधायला आम्ही दोघं तीन दिवस हिंडलो. भंगारवाल्यांच्या ढिगातला एकेक पाटा ते दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवत आणि कान लावत. स्वच्छ नाद आला तर मान डोलवत, फुटका आला तर "ह्याला आत चीर हाय" म्हणून ठेवून देत. दुकानदार वैतागायचे. मीही वैतागले होते, पण दुसऱ्या दिवशी मलाही दोन नादांतला फरक ओळखू येऊ लागला. ते माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं आणि ते खूश झाले.

तिसऱ्या दिवशी होटगीकडच्या एका मळ्यात आमच्या गाडीसारखीच गाडी लिंबाखाली उभी असल्याचं कळलं. मळ्याचे मालक शिवप्पा, घरात कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलणारे. गाडी कित्येक वर्षं हललेली नव्हती. तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

"पाटे घेऊन जावा की," शिवप्पा म्हणाले, "पण कोंबडी उठता कामा नये. तेरा अंडी हायत. ती उठली तर सौदा मोडला."

मी कपाळाला हात लावला. दस्तगीरभाईंनी मात्र अट अगदी गंभीरपणे मान्य केली. जॅक लावून ते गाडीचा मागचा भाग तसूतसूने वर घेऊ लागले. मधे थांबत, खिडकीतून कोंबडीकडे बघत, पुन्हा दांडा फिरवत. गंजलेल्या नटांना तेल पाजून तासभर वाट पाहिली, हातोडी एकदाही मारली नाही. दुपार कलली तेव्हा ते दोन्ही पाटे घेऊन गाडीखालून बाहेर आले. गाडी ठोकळ्यांवर टेकली होती, कोंबडी डोळे मिटून बसली होती.

"बघा, बाळंतीण हलली न्हाई," ते म्हणाले. शिवप्पांनी आम्हाला ताक पाजल्याशिवाय सोडलं नाही.

शेडमध्ये त्यांनी पाट्यांची उतरलेली कमान ठोकून परत आणली, मधे ग्रीस भरलं, रबरी बुश नवे घातले, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल बदललं. मला वाटलं झालं. पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. परीक्षक होत्या त्यांच्या बायको खैरुनबी. त्यांची कंबर वर्षानुवर्षं दुखत होती, आणि दस्तगीरभाईंचा त्या कंबरेइतका विश्वास कशावरच नव्हता. त्या पानाचा डबा घेऊन मागे बसल्या. भाई त्यांना नाक्यापर्यंत फिरवून आणत.

पहिल्या फेरीनंतर त्या म्हणाल्या, "उछलरी. नक्को."

भाईंनी दोन्ही पाटे काढून त्यांची टोकं घासली.

दुसऱ्या फेरीनंतर, "अब डोलरी. पोटमें ढवळरा."

भाईंनी पुन्हा सगळं उघडलं. तिसऱ्या फेरीत गाडी बराच वेळ परतली नाही. परतली तेव्हा भाई एकटेच होते. "बहिणीकडं उतरली," ते म्हणाले. "म्हनली, आता बसवतंय तर जाऊनच येते. न्या गाडी."

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एका खेड्यात महादेवी नावाची पहिलटकरीण दाखवायला आणली. आठवा महिना, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली, रक्त जाऊ लागलेलं. अशा बाईला एकेक हिसका घातक, आणि मोठा दवाखाना वीस मैलांवर. तिला मागच्या सीटवर आडवी केली, सासूने डोकं मांडीवर घेतलं. रस्ता पावसाने उखडलेला. मी दातओठ खात गाडी चालवत होते. दर दहा मिनिटांनी मागे न बघता विचारायची, "कसं आहे?" सासू म्हणायची, "हाय तसंच हाय, बाई. वाढलं न्हाई." सोलापूर येईपर्यंत ती तेच उत्तर देत राहिली. संध्याकाळी महादेवीचं पोट फाडून मुलगी काढली. दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगायला शेडवर गेले. दस्तगीरभाईंनी ऐकून घेतलं, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि विचारलं, "डावीकडनं आवाज आला का?"

"माझं लक्षच नव्हतं हो."

"मंग आला नसंल," ते म्हणाले, आणि तरीही गाडीखाली शिरले.

पुढे त्यांचे हात कापू लागले. नट हातातून सुटायचे. मुलीने बार्शीला बोलावून घेतलं. एस.टी.ने जातो म्हणत होते, मी ऐकलं नाही. सामान डिकीत घातलं. खैरुनबी पुढे माझ्याशेजारी बसल्या, कारण त्यांना रस्ता बघायचा होता. भाई मागे बसले. पहिले दोन मैल ते "जरा हळू", "आता तिसरा गियर" असं सांगत होते. मग सूचना थांबल्या. काही बिनसलं की काय म्हणून मी आरशात पाहिलं. दस्तगीरभाई मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपले होते.

रस्त्यात एका ओढ्याचा उतार आला. मी ब्रेकवर पाय ठेवला. खैरुनबींनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "चलाओ, बेटी. नै उठते."