नुसते ओठ हलव

गेल्या वर्षी चार महिने मी देवाला हात जोडले नाहीत. संध्याकाळी सून दिवा लावायची आणि मी देवघराकडे पाठ करून भाजी निवडत बसायचे. राग होता, दुसरं काय! गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. आवाजावर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ते इतरांच्या बाबतीत होत असेल, अशी माझी पक्की समजूत. बावीस वर्षं मी बदलापूरला, बेलवलीत, आमच्या महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका होते. दर गुरुवारी दत्तमंदिरात पहिला सूर माझा. आणि ऑपरेशननंतर तोंड उघडलं की कुकरची वाफ सुटावी तसा फुसका आवाज यायचा. मंडळातल्या बायकांचे फोन यायचे, तेव्हा सुनेला खूण करायचे, की सांग, झोपल्यात म्हणून. जे आयुष्यभर देवासाठी वापरलं तेच त्याने नेलं, मग माझ्यात उरलं काय, हा एकच प्रश्न मला खात होता.

सुनेने अंबरनाथच्या एका समुपदेशक मुलीकडे नेलं. मी घोगऱ्या आवाजात तासभर बोलायचे, ती ऐकायची. सल्ला नाही, औषध नाही, साधं ‘सगळं ठीक होईल’ही नाही. घरी येऊन मी सुनेला म्हटलं, “अगं, एवढं तर आपल्या वॉचमनचा कुत्राही ऐकून घेतो.” पण जात राहिले, कारण तिच्यासमोर आवाजाची लाज वाटत नव्हती. एकदा तिने ‘मी’पासून सुरू होणारी दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली. मी झरझर लिहिली. मी भजन गाते. मी सूर लावून देते. मी मंडळाला बक्षिसं मिळवून दिली. दहाच्या दहा गाण्याचीच. तिने वाचली आणि शांतपणे विचारलं, “काकू, तुम्ही काहीच न करता कुणी तुम्हाला जवळ घेतलंय का कधी?” मला आठवले माझे वडील. पाहुणे आले की ते मला मांडीवर बसवून गायला लावायचे, एरवी मांडी मिळायची नाही. ती म्हणाली की ज्याने शाबासकी मिळते त्यालाच मूल हळूहळू ‘मी’ म्हणायला लागतं, आणि बाकीचं स्वतःपासूनच लपवून ठेवतं. मला ते पटलं, पण पटून काही रडू थांबलं नाही.

मग एक दिवस उल्हासनगरला पडद्यांचं कापड घ्यायला गेले होते. दुपारची वेळ, भर उन्हात चक्कर आल्यासारखं झालं म्हणून एका पायरीवर टेकले. तो सिंधी लोकांचा दरबार, म्हणजे त्यांचं भजन-सत्संगाचं मंदिर होतं, हे नंतर कळलं. आतून एक म्हातारी बाहेर आली, ऐंशीच्या घरातली, सुरकुतलेली. “धूप में क्यों बैठी है, बेटा? अंदर आ, पंखे के नीचे,” म्हणाली आणि दंड धरून आत घेऊन गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी बेटा म्हणत होतं. तिने सरबत दिलं. कोण, कुठली, काय करतेस, काही विचारलं नाही. मला तिथेच शेजारी बसवून ती इतर बायकांबरोबर सिंधीत भजन म्हणायला लागली.

आणि काय सांगू, इतका बेसूर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळ्यांच्या पुढे धावत, मन मानेल तिथे वर जात ती गात होती, डोळे मिटून, मजेत. कुणी तिच्याकडे वळूनही बघत नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप वर झाला, तिला थांबवायला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो हात धरला, आपल्या मांडीवर ठेवला आणि थोपटत गात राहिली.

त्या क्षणी मला कमल आठवली. कमल आमच्या मंडळातली, सोनिवलीच्या शेतकरी घरातली. तिचा सूर कधीच लागायचा नाही. स्पर्धेला बारा जणी लागायच्या, म्हणून तिला काढताही येईना. मीच तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “कमल, तू नुसते ओठ हलव.” पुढे तर गुरुवारीही ती तसंच करायला लागली, सहा वर्षं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दरबारात मी हमसून हमसून रडले. म्हातारीने का म्हणूनही विचारलं नाही. निघताना हातावर प्रसाद ठेवला. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तिला भेटायला गेले तेव्हा ती दिसली नाही. मला तिचं नावही माहीत नव्हतं, त्यामुळे कुणाला विचारणार? मी नमस्कार केला आणि परत आले.

त्या गुरुवारी दत्तमंदिरात गेले. बायकांनी पुढे बोलावलं, पेटीजवळची माझी जागा मोकळी ठेवली होती. मी मागे गेले आणि कमलच्या शेजारी बसले. ती गडबडून सरकली. तिला म्हटलं, “कमल, माझं चुकलं गं. तुझं गाणं मी बंद केलं.” एवढं बोलतानाही माझा आवाज तीनदा तुटला.

कमलने हातातले टाळ खाली ठेवले. मग म्हणाली, “ताय, मना ठाव व्हता माजा सूर नाय लागत. पन हितं बसला का मना बरा वाटतं, म्हनून येतंय.” सहा वर्षं ती काहीही न देता, काहीही न मिळवता देवासमोर येऊन बसत होती, आणि मी एवढा गळा घेऊन तेवढंही शिकले नव्हते.

पुढे भजन सुरू झालं. सवयीने मी नुसते ओठ हलवायला लागले. कमलने कोपराने ढोसलं.

“ओठ नका हालवू. गा. मी मोठ्यानं गातंय ना, तुमचा कोनाला आयकू नाय येनार.”

आणि ती खरंच गायली, सहा वर्षांचं साठलेलं, मोकळ्या गळ्याने, पार बेसूर. तिच्या आवाजाच्या आडोशाला मी माझा फुसका आवाज सोडला. दत्तगुरू, त्या दिवशी मी तुझ्याकडे आवाज परत मागितला नाही. त्या दरबारात तू मला मांडीवर घेतलं होतंस, आणि मी काहीच करून दाखवलं नव्हतं.