फ्यूजकाकांची शेवटची जोडणी

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी फ्यूजकाका भिंतीवरच्या बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकत आणि वरून खिसा दोनदा थोपटत. नुसतं बटण बंद करणं त्यांना मान्य नव्हतं. “बटण कोणीही दाबतं. माझ्या खिशात हात घालायचा तर मला विचारावं लागतं,” असं ते म्हणत. त्यांचं खरं आडनाव आमच्या दवाखान्यात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

दवाखाना कोथरूडमधला, त्वचारोगांचा. मी तिथे पेशंट होते आणि रिसेप्शनवरही बसत होते. माझ्या दोन्ही हातांवर कोड होतं. डॉक्टरबाईंनी उपचार सुरू केले आणि घरी कुढत बसू नकोस म्हणून नोकरीही दिली. सुरुवातीला मी औषध घेऊन रोज आमच्या गच्चीवर उन्हात हात पसरून बसत असे. समोरच्या बाई खिडकीतून विचारायच्या, “काय गं, आज किती वाळलीस?” त्या काही दुष्ट नव्हत्या, पुण्याच्या होत्या. पण मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे.

मग डॉक्टरबाईंनी एका बंद पडलेल्या हॉटेलातून एक जुना परदेशी पलंग आणला. गोऱ्या लोकांना सावळं व्हायची हौस असते, त्यासाठी बनवलेला. खाली काच, काचेखाली निळसर उजेडाच्या नळ्या आणि वर तसंच झाकण. बाईंनी तो कोडाच्या पेशंटसाठी वापरायला घेतला. पाच-सहा मिनिटं आत पडायचं, कोणी बघायला नाही. तीन महिन्यांत माझ्या मनगटांवर तपकिरी ठिपके उगवले, रंग परत येऊ लागला. मला आयुष्यात इतका आनंद कशानं झाला नव्हता.

नेमका तेव्हाच पलंगाचा टायमर गेला. किल्लीसारखा फिरवायचा आणि वेळ संपली की नळ्या आपोआप विझायच्या, असा तो होता. त्याच्या जागी बसेल असा दुसरा कुठेच मिळेना. घड्याळ बघून हातानं बंद करायला बाई तयार नव्हत्या. “एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर कातडी भाजेल,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फ्यूजकाकांना बोलावलं. दवाखान्यातले पंखे आणि दिवे तेच बघायचे.

काका धायरीहून सायकलवर येत. पूर्वी एका कारखान्यात वायरमन होते. बाहेरच्या देशांतून नवी यंत्रं आली तेव्हा जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. “स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती माझी,” एवढंच ते त्याबद्दल सांगत. पण मला ते आवडायचे ते वेगळ्याच कारणासाठी. दवाखान्यात सगळ्यांनाच कसले ना कसले डाग, तरी माझ्या हातून कागद घेताना लोक त्याचा कोपरा धरत. काका मात्र पहिल्याच दिवशी माझ्या तळहातावर स्क्रू ठेवून म्हणाले होते, “मूठ मीट. सांडलेस तर तूच शोधायचेस.”

तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून त्यांनी आकडे दाखवणारा नवा टायमर आणला. तो आकारानं लहान आणि पलंगाच्या नळ्या ढीगभर, म्हणून मध्ये एक कॉन्टॅक्टर, म्हणजे जाडजूड स्विच, बसवला. “टायमरनं हुकूम द्यायचा, ओझं यानं उचलायचं. कारखान्यातही असंच चालायचं,” त्यांनी मला समजावलं. दुसऱ्या दिवशी काम अर्धवट ठेवून गेले ते फ्यूज खिशात घेऊनच. संध्याकाळी सबंध खोली अंधारात. बाईंनी त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, तेव्हा पुन्हा सायकल मारत आले आणि म्हणाले, “कोणाला शॉक तर बसला नाही ना? मग झालं.”

तिसऱ्या दिवशी काम संपत आलं. सगळ्या नळ्या पेटतात का हे बघायला त्यांनी टायमरला वगळून वीतभर तार जोडली. अशा तात्पुरत्या तारेला लाल चिंधी बांधायची, म्हणजे ती काढायची राहत नाही, अशी त्यांच्या कारखान्याची रीत. चिंध्यांची पिशवी खाली सायकलला लटकत होती. ते चिंधी आणायला निघाले तर मीच म्हटलं, “अहो काका, राहू दे ना आता.” तीन आठवडे माझा उपचार बंद होता आणि सोमवारी एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी मुलाखत होती. शेवटी टायमर दोन मिनिटांवर लावून ते खात्री करून घेत, तीही मी करू दिली नाही. “मीच पडणार आहे ना आत?” मी म्हणाले. ते हसले, फ्यूज जागेवर बसवला आणि गेले.

आत डोळ्यांवर काळा चष्मा आणि पंख्याची घरघर. उजेड आपोआप जाईल या भरवशावर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता आणि नळ्या तशाच पेटलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डावा हात लाल झाला. उजवा काचेला टेकलेला होता, त्याला कोपराखाली मोठे फोड आले. मुलाखत हुकली. मीच टायमर चुकीचा लावला, असं मी बाईंना सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

दोन दिवसांनी काका केलेलं काम बघायला आले. त्यांनी माझं बँडेज बघितलं. फ्यूज काढला, टायमरचा खोका उघडला आणि टायमरला वगळणारी ती वीतभर तार सोडवून माझ्यासमोर धरली.

“काका, घाई मी केली,” मी म्हणाले.

“घाई पेशंटनं करायचीच असते. वायरमननं ती ऐकायची नसते.”

मग बाईंच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. परत येऊन घड्याळ समोर ठेवून पाच वेळा टायमर तपासला. त्या टायमरनं पुढे कधीच दगा दिला नाही. पण काकांनी त्यानंतर कोणाचंच काम घेतलं नाही. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा “आता नको” एवढंच उत्तर आलं.

दोन वर्षांत माझ्या हातांवरचे डाग रंगानं भरून आले. उजव्या कोपराखाली भाजलं तिथे मात्र नवा पांढरा डाग उठला, आणि तो काही केल्या भरेना. मला दुसरीकडे नोकरी लागली, मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागले. दर दिवाळीला मी काकांना फोन करायचे. ते तब्येत नाही, पगार नाही, एकच विचारायचे, “भरला का गं हात?” आधी मी म्हणायचे, “भरतोय.” मग एका दिवाळीला म्हणून टाकलं, “भरला, काका.”

ते गेले त्याच्या पंधरा दिवस आधी मी धायरीला भेटायला गेले. काकूंनी दार उघडलं. काका कॉटवर उशीला टेकून बसले होते, फार वाळले होते, नजरही अधू झाली होती. मला जवळ बसवून म्हणाले, “दाखव.” मी डावी बाही वर केली. त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, कोपरापासून मनगटापर्यंत अंगठा फिरवला.

“छान भरलाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझी बाही स्वतःच खाली ओढली. मनगटाचं बटण त्यांच्या बोटांना लागेना, तरी मला लावू दिलं नाही. ते लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “उजव्यालाही जप.”

निदान तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी नुसती “हो” म्हणाले.