मरायला आलेल्या माणसाची लस

मरणाची इतकी जय्यत तयारी करून इतक्या चवीने जगणारा माणूस उभ्या काशीत दुसरा सापडायचा नाही. आणि काशीत मरायला आलेल्यांची टंचाई आहे असं तर कोणीच म्हणणार नाही. रामघाटाच्या गल्लीत ज्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो, त्याच्या वरच्या खोलीत हे काका राहायचे. मूळ साताऱ्याकडचे. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हा ‘आता काशीत जाऊन मरतो’ असं भावकीला सांगून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन ते इथे आले, त्याला या गोष्टीच्या वेळेस तेवीस वर्षं झाली होती. बँकेने माझी बदली बनारसला केली आणि आम्ही सामान उतरवत होतो, तेव्हा जिन्यात उभं राहून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मला वाटलं, आता गाव-आडनाव विचारतील. पण ते म्हणाले, “उंची बरी आहे. पुढच्या डाव्या खांद्याला चालाल.” मग हाताला धरून त्यांनी मला गल्लीच्या कोपऱ्यावर नेलं. “इथे तिरडी जरा तिरपी करावी लागेल. मोजलंय मी. दारापासून मणिकर्णिकेच्या पहिल्या पायरीपर्यंत नऊशे अठरा पावलं. वाटेत गाय आडवी बसली असेल तर नऊशे तीस.”

असा हा तयारीचा माणूस. पण त्यांनी प्रेशर कुकर घेतला तेव्हा दहा वर्षांच्या गॅरंटीसाठी दुकानदाराशी तासभर वाद घातला. एक्क्याऐंशीव्या वर्षी नवी कवळी बसवली आणि ती नीट बसते की नाही हे पाहायला ठठेरी बाजारात उभं राहून पाव किलो चुडा-मटर, म्हणजे इथले मटार घातलेले पोहे, संपवले. दर थंडीत मलईयोचा, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचा, पहिला कुल्हड कोणाकडे मिळतो यावर त्यांचं बारीक लक्ष असे. बायको त्यांना एकदा म्हणाली, “काका, मरायला आलेल्या माणसाने लोकरीचा कोट शिवायला टाकायचा म्हणजे काय?” तर काका गंभीरपणे म्हणाले, “अहो सूनबाई, मरण काशीत यायला हवं. गारठ्याने यायला हवं असं कुठे लिहिलंय?”

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. पलीकडच्या तीराची. काशीत मेला तो सुटला आणि समोरच्या रामनगरकडे मेला तो पुढच्या जन्मी गाढव झाला, ही इथली जुनी समजूत. काकांनी एरवी कुठलीच गोष्ट टेप लावल्याशिवाय मान्य केली नसती, पण ही मात्र त्यांनी न मोजता मान्य केली होती. तेवीस वर्षांत ते एकदाही गंगेपलीकडे गेले नव्हते. रामनगरच्या रामलीलेची निमंत्रणं त्यांनी हात जोडून परत पाठवली. एकदा बायकोच्या वाढदिवसाला आम्ही त्यांना नावेतून फिरायला नेलं. पात्राच्या मध्यावर आलो तसे ते ताडकन उभे राहिले. नाव हेलकावली. “लल्लन, बस! यहाँसे आगे हद्द बदलती है!” लल्लन हा आमचा नेहमीचा नावाडी, सत्तरीला टेकलेला, शांत माणूस. त्याने हसत वल्ही उलटी मारली. “हमके मालूम हौ बाबूजी,” तो म्हणाला, “एही से हम धीरे चलावत रहली.”

लल्लनची बायको रामरती आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलं आणि बेलपत्रं विकायची. तिच्याशी भांडल्याशिवाय काकांचा दिवस उगवत नसे. ते एकेक पान उजेडात धरायचे. “तुम्हारा बेल तीन पान का नहीं, अडीच पान का है!” ती म्हणायची, “त बाबूजी, भोलेनाथ क आँख भी त अढ़ाइए खुलल रहेला!” हे तेवीस वर्षं चाललं होतं. दोघांपैकी कोणी आजारी पडलं तर दुसऱ्याची सकाळ वाया जायची.

अशा गल्लीत साथीवरची लस आली.

पहिल्यांदा साठीच्या पुढच्यांना मिळणार म्हणून जाहीर झालं आणि रामघाटावर एकदम सगळेच वैद्य झाले. कोणी म्हणे दोन दिवस ताप येतो, कोणी म्हणे आलाच नाही तर ती खोटी. पानाच्या दुकानावर एक गृहस्थ रोज शपथेवर सांगत की टोचल्यावर हाताला चमचा चिकटतो. चमचा मात्र कोणी आणून दाखवला नाही. काही लोक पहाटेच रांगेत जाऊन टोचून आले आणि दंड चोळत असे फिरू लागले की जणू लढाईवरून परतलेत. बाकीचे ‘बघू’ म्हणत होते. आणि ‘बघू’ म्हणणाऱ्यांचं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं. काका सरकारी नोकरीतले, शिकलेले. ते काय करतात?

मी माझ्या मोबाइलवर त्यांचं नाव नोंदवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. “अहो, तेवीस वर्षं मी फलाटावर उभा आहे. आता कुठे गाडीची शिट्टी ऐकू येतेय, आणि तुम्ही मला तिकीट फाडायला सांगता?” गल्लीत कोणी विचारलं तर ते मोठ्याने म्हणायचे, “हम इधर मरने को आया है, टोचने को नहीं!” लोक हसायचे. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

बायको मात्र एक दिवस फुलं घेऊन आली ती हसत नव्हती. तिने रामरतीला विचारलं होतं, लस घेतलीस का? तर रामरती म्हणाली, “बाबूजी जब नाहीं लगवावत हउअन, त हम काहे लगवाईं? पढ़ल-लिखल आदमी हउअन.” बायकोने हे वर जाऊन काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका जरा गोंधळले. “छे छे, माझं निराळं. मी मरायला आलोय. ती कुठे मरायला आलीय?” “मग हे तिला सांगा ना,” बायको म्हणाली. “सांगतो,” काका म्हणाले. आणि राहून गेलं.

मग तो चैत्र-वैशाख आला. मणिकर्णिकेकडे जाणारी माणसं आमच्या गल्लीतून जायची ती दिवसभर जातच राहिली. कधी चौघं, कधी दोघंच. कधी नुसता एक मुलगा पुढे आणि हातगाडी मागे. ‘राम नाम सत्य है’ म्हणायलाही मागे माणसं उरली नव्हती. ज्या कोपऱ्यावर तिरडी तिरपी करायची, तिथे वरून खिडकीत बसून काका बघत असत. पहिले दोन दिवस त्यांनी मोजलं. तिसऱ्या दिवशी खिडकी लावून घेतली. मी जेवण घेऊन वर गेलो, तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, “ही नव्हे हो. ही नव्हे ती गाडी.”

त्याच आठवड्यात लल्लनला ताप भरला. धाप लागली. मुलांनी त्याला घेऊन दोन दवाखाने पालथे घातले. तिसऱ्याच्या दाराशी तो गेला. उभा जन्म दुसऱ्यांना घाटावर पोचवणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःला घाटावर जागा मिळायला संध्याकाळ झाली.

तेरावं झाल्यावर रामरती पुन्हा कोपऱ्यावर येऊन बसली. काका खाली उतरले. मी दारातच उभा होतो. त्यांनी बेलपत्रं घेतली, उजेडात धरली नाहीत. तिनेही काही टोमणा मारला नाही. त्यांनी पैसे तिच्या टोपलीत ठेवले. मग तीच म्हणाली, अगदी साधेपणाने, नवऱ्याची सहज आठवण काढावी तसं: “ऊ कहत रहलन, बाबूजी जौने दिन लगवइहन, ओही दिन हमहूँ संगे लगवा लेब.”

लस घेतली असती तर लल्लन वाचला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. मी काकांना ते सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उद्या मला टोचून आणा. आणि तिलाही.”

पण आता लस मिळणं सोपं राहिलं नव्हतं. जवळच्या केंद्रांवर ‘आज नाही’ची पाटी. मोबाइलवर बोटं झिजवल्यावर दोन जागा मिळाल्या, त्या रामनगरच्या एका शाळेत. मला वाटलं, संपलं. काकांनी केंद्राचं नाव ऐकलं, कवळी काढून पुसली, परत घातली आणि विचारलं, “किती वाजता?”

लल्लनचीच नाव होती. त्याचा धाकटा भाऊ वल्हवत होता. एका टोकाला रामरती, दुसऱ्याला लोकरी कोट घातलेले काका, तेही वैशाखात. पात्राच्या मध्यावर नाव आली. काकांनी दोन्ही हातांनी कड धरली, डोळे मिटले, पण उठले नाहीत. फक्त वल्ह्यांचा आवाज.

टोचताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. नर्सबाईंना फक्त विचारलं, “इसकी गॅरंटी कितने साल?” पंचाईत पुढेच होती. बाई म्हणाल्या, “बाबा, अब आधा घंटा यहीं बैठिए.”

“यहीं? उस पार जाके बैठेगा तो नहीं चलेगा?”

“नहीं बाबा, नियम है.”

“लेकिन इधरही कुछ हो गया तो?”

“इसीलिए तो बिठा रहे हैं!”

काका बाकावर टेकले आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसले. आयुष्यातला एवढा जोखमीचा अर्धा तास त्यांनी कधी काढला नसेल. दर दोन मिनिटांनी स्वतःची नाडी बघत. कपाळावर घाम, तो भीतीचा की कोटाचा, कळायला मार्ग नव्हता. शेजारी बसलेली रामरती त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. “गदहा हो जइबा बाबूजी, त फिकिर मत करिहा. फुले क दौरी तोहरे पीठ पर लाद के रोज घाटे ले आइब.” म्हणजे गाढव झालात तरी रोज काशीत आणीन! काका तिच्याकडे बघतच राहिले आणि मग त्यांना जे हसू फुटलं, त्याने कवळी सुटून हातात आली. ते पाहून रामरतीही हसायला लागली. महिनाभरात पहिल्यांदाच. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. काकांनी घड्याळ खिशात टाकलं. अर्धा तास होऊन गेला, वर आणखी पाऊण तास झाला, तरी ते तिथेच, गंगेच्या चुकीच्या काठावर, तिच्याशेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत दारोदार जाऊ लागले. लोक त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवायचे. ते मान खाली घालून म्हणायचे, “वो हमारी गलती थी.” तेवढं एकच वाक्य. त्याला कोणी हसलं नाही, आणि बरेच जण टोचून आले.

पुढे आमची नागपूरला बदली झाली. मधे लल्लनच्या नावेचा परवाना रामरतीच्या नावावर करायचा होता. त्यासाठी काका तिच्याबरोबर दहा महिने कचेरीत खेटे घालत होते, असं फोनवर कळत राही. परवाना झाला त्या दिवशी त्यांनी आपणहून फोन केला. मी अभिनंदन केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. मग म्हणाले, “एक विचारायचं होतं. तिने मला माफ केलं असेल का हो?”

“तिलाच विचारा ना काका.”

“धीर होत नाही,” ते म्हणाले. “ती रोज सकाळी हाक मारते, बाबूजी, उतरा, धूप चढ़ गइल. म्हणून उतरतो. तेवढ्यावर चाललंय.”