जंतूंची लुगडी

तुमच्या कळंबच्या आजीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, मीच अडचणीत आणलं. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

बारामतीच्या घरी मी उरलेल्या गोळ्यांचा डबा ठेवत असे. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव, उपयोग, मुदत. सगळे कौतुक करत आणि मी फुगत असे. जावेला लघवीला जळजळ झाली, तेव्हा मी डब्यातल्या चार गोळ्या पाठवल्या. दोन दिवसांत ती ठणठणीत. महिन्याभरानं पुन्हा तेच, म्हणून दुसऱ्या पाच पाठवल्या. तिसऱ्या वेळी ती तापानं कुडकुडत माझ्या दारातच उभी राहिली.

तपासणीचा रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी होती, आणि त्यातलं एकच इंजेक्शन जंतूंना लागू पडणार होतं.

"आधी गोळ्या कुणी दिल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयानं त्या तुमच्याएवढ्याच.

"ह्या आक्कांनी. लई शिकल्याल्या हायेत," जावेनं माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धवट औषधानं दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. औषधाला दाद न देण्याची युक्ती त्यांच्या जनुकात असते, आणि जंतू ती जनुकं एकमेकांना चिकटून देऊन टाकतात. अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा.

"लगीन न लावताच?" जावेनं विचारलं.

"हो. आणि काही जंतू तर मेलेल्यांची जनुकंही उचलतात."

जावेचे डोळे चमकले. "म्हंजी आक्का, सासूबाई गेल्यावर आपण त्यांची लुगडी वाटून घेतली, तसंच की! जरीचं तुमी ढापलं."

"ढापलं नाही, ते मला दिलं होतं!"

"कुणी? त्या तर गेल्या हुत्या!"

मला हसू आवरेना. तिलाही. तापानं फणफणलेली ती आणि गुन्हेगार मी, दोघी एकमेकींना धरून हसत होतो. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर फाईल धरली. मग ती खाली ठेवून म्हणाल्या, "सात दिवस रोज इंजेक्शन. एकही चुकवायचं नाही. हेही चालेनासं झालं, तर पुढं फारसं काही हाताशी नाही."

हसू तिथंच थांबलं. डबा मी त्याच दिवशी दवाखान्यात जमा केला.

तिसऱ्या दिवशी जावेचा ताप उतरला आणि तिनं पिशवी भरली. "झाली की बरी. तिकडं कांदा काढायचा हाय."

मी पिशवीवर बसले.

"आक्का, उठा. आत भाकरी हाय."

"असू दे."

भाकरीचा चुरा झाला, पण मी उठले नाही. सातही इंजेक्शनं झाली. काही दिवस जाऊ दिल्यावर पुन्हा तपासणी केली. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच तो वाचून दाखवला. जंतू नव्हते. जावेनं तिथल्या तिथं कळंबला फोन लावला आणि शेतात हाक मारावी तशा आवाजात सांगितलं, "येतीय मी! लघवीत एक बी जंतू ऱ्हायला न्हाय!"

बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या एका आबांनी हात जोडले.