उघड्या डोळ्यांचा हेडर

मैदानावरचे फोटोग्राफर तिला ‘पासपोर्ट’ म्हणत. तिला राग येत नसे, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मामाच्या स्टुडिओत पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर माणसं बसवून त्यांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात तिची दहा वर्षं गेली होती. समोरचा आता पापणी मिटणार, हे तिला त्याच्याआधी कळायचं. तरीही कोणी मिटलीच, तर तिचा अंगठा डोक्याला न विचारता डिलीटच्या बटणावर जायचा. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो म्हणजे मेलेला फोटो, ही मामाची शिकवण.

रविवारी मात्र ती फुटबॉलच्या मैदानावर गोलपोस्टमागे पोटावर पडलेली असे. एक संस्था दरवर्षी एका नवोदित क्रीडा छायाचित्रकाराला अनुदान द्यायची: वर्षभरासाठी लांब पल्ल्याची लेन्स, मोठ्या सामन्यांचे पास आणि हाताला धरून शिकवणारा मार्गदर्शक. अट इतकीच, की वय तिशीच्या आत हवं. तिने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर आलं: ‘चेंडू कुठे आहे?’ यंदा ती शेवटच्या पाचांत होती आणि तिशी दोन महिन्यांवर येऊन उभी होती.

पाचांना महिनाभरापुरता एकेक मार्गदर्शक मिळाला. तिच्या वाट्याला ‘गुडघे’ आले. चाळीस वर्षं मैदानाच्या रेषेवर टेकून टेकून या वृत्तपत्र-छायाचित्रकाराच्या गुडघ्यांचं वाटोळं झालं होतं. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत.

सर बाकावर बसून तिचे फोटो एकेक करून पाहत गेले.

“सगळे कसे टक्क जागे आहेत,” ते म्हणाले. “कोणाला खेळायची घाई दिसत नाही. चेंडू डोक्याला लागतानाचा एकही नाही?”

“तेव्हा डोळे मिटतात ना त्यांचे, सर. ते मी उडवते.”

“काय करतेस?”

“मिटलेले डोळे दिसले की जागच्या जागी डिलीट.”

सर असे हसायला लागले, की दोन्ही हातांनी गुडघे धरावे लागले.

“अगं बाई, चेंडू कपाळावर आला की भलेभले डोळे मिटतात. त्या लोकांना परदेशी कुठे जायचंय? तीन वर्षं तू चांगले चांगले हेडर स्वतःच्या हाताने पुरत आलीस.”

त्यांनी खिशातून औषधाची चिकटपट्टी काढली आणि तिच्या कॅमेऱ्याच्या डिलीट बटणावर पक्की चिकटवली.

पहिल्या रविवारी तिचा अंगठा त्या पट्टीवर खारीसारखा धडपडत राहिला. दुसऱ्या रविवारपासून तिला मजा यायला लागली. पापणी मिटण्याआधी माणूस श्वास धरतो, भुवई केसभर उचलतो, हे तिला पाठ होतंच. पूर्वी त्या क्षणी ती थांबायची. आता तेव्हाच बटण दाबायला लागली. सवयीचा परिणाम सोमवारी स्टुडिओतही दिसला. समोरच्या दुकानातल्या शिंपीणबाई शिंकेच्या ऐन मध्यावर टिपल्या गेल्या. मामाने तो फोटो पाहिला आणि भाचीकडेही तसंच पाहिलं.

महिन्याच्या शेवटच्या सामन्यात तिला हवा तो फोटो मिळाला. उंच उडालेली आघाडीची खेळाडू, कपाळावर चेपलेला चेंडू, घट्ट मिटलेले डोळे, सगळा चेहरा मुठीसारखा आवळलेला. समितीपुढे ठेवायचा होता एकच प्रिंट, त्यावर कसलीही कारागिरी न केलेला, सोमवारी चार वाजेपर्यंत. सोमवारी तिच्याकडे एका कारखान्यातल्या दोनशे ओळखपत्रांचं काम होतं.

“मामा, कॉम्प्युटरवर तो हेडर ठेवलाय. तेवढा मोठा प्रिंट काढून पाकिटात घाल.”

“घालतो की. तुझं काम ते माझं काम.”

पावणेचारला तिने काउंटरवरचं बंद पाकीट उचललं आणि धावत सुटली. पाकीट उघडलं ते थेट समितीच्या टेबलावर.

अध्यक्षबाई पुढे वाकल्या. शेजारचे क्रीडा संपादक खुर्चीतून उठलेच.

“डोळे सताड उघडे ठेवून हेडर,” संपादक म्हणाले. “उभ्या आयुष्यात पाहिला नाही.”

“काय जिद्द आहे नजरेत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मला वाटतं, पुढचे बघायची गरज नाही.”

तिने वाकून पाहिलं. चेंडू कपाळावर चेपलेला होता आणि त्याखालून दोन शांत, किंचित कंटाळलेले डोळे तिच्याकडे बघत होते. दहा वर्षं तोंडं पाहण्यात घालवल्यावर डोळ्यांचा मालक शोधायला वेळ लागत नाही. ते शिंपीणबाईंचे होते. शिंकेनंतर दुसऱ्यांदा काढलेल्या फोटोतले.

सर टेबलाच्या टोकाला होते. आपल्या उमेदवाराबद्दल मार्गदर्शकाने बोलायचं नाही, असा नियम होता. ते चष्मा पुसत होते, आणि चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता.

लेन्स तिच्यापासून एका ‘हो’च्या अंतरावर होती. तिने श्वास धरला.

“बाई, हे डोळे हिचे नाहीत,” ती म्हणाली. “आमच्या समोरच्या शिंपीणबाईंचे आहेत. मामाने बसवलेत. बिचाऱ्याला वाटलं, फोटो बिघडलाय.”

संपादक हळूच खाली बसले. “मग हा बाद.”

“बाद,” तिने मान्य केलं. गळ्यातला कॅमेरा काढून मूळ फोटो पडद्यावर आणला. “पण एकदा हा बघा. घ्यायचा नसला तर नका घेऊ.”

तळहाताएवढ्या पडद्यावर सरांसकट तीन डोकी एकमेकांवर आपटली.

“प्रिंटच लागतो, असं नियमात आहे,” संपादक म्हणाले, पण कॅमेरा त्यांनी सोडला नव्हता.

“चार वाजेपर्यंत,” अध्यक्षबाईंनी भिंतीवर पाहिलं. “हे घड्याळ बारा मिनिटं मागे आहे, आणि या टेबलाचं घड्याळ तेच आहे. खाली प्रिंटवाला आहे. पळ.”

ती पळाली.

आठवड्याने करार आला. वर्षभर लेन्स तिची, सर तिचे. पानाच्या तळाशी अध्यक्षबाईंच्या हातचं एक वाढीव कलम होतं: अनुदानाच्या काळात लाभार्थीच्या मामांनी तिच्या कोणत्याही फोटोला हात लावू नये. खाली मामांची सही हवी.

मामाने कलम तीनदा वाचलं आणि पेन मागितलं.

“एकेका डोळ्याला मला अर्धा तास लागला होता,” तो सही करता करता म्हणाला. “तुमच्यात कोणाला कदर नाही.”